आयात सीरम आणि अरॅबिडॉप्सिसचं बियाणं: क्वारंटाइनच्या नोंदी, जानेवारी ते सप्टेंबर 2024

मुंबईतली प्रयोगशाळा, बाहेरून येणारी दोन खोकी. पहिल्यात ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) गायीच्या भ्रूणाचं सीरम (एफबीएस), पेशी वाढवायला लागतं ते, 500 मिलीच्या 10 बाटल्या. दुसऱ्यात अरॅबिडॉप्सिसच्या, म्हणजे प्रयोगांत वापरतात त्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या, 14 वाणांचं बियाणं, तेही टी-डीएनए (जिवाणूमार्फत घुसवलेला परका डीएनए) घातलेलं. हेच काम ज्यांच्या टेबलावर येणार आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

8 जानेवारी

ऑर्डर देण्याआधी यादीतली एकेक वस्तू घेऊन कुठला कायदा लागतो ते लिहून काढलं. सीरम जनावराचं, म्हणजे 1898 चा पशुधन आयात कायदा आणि त्याखाली पशुसंवर्धन खात्याचं सॅनिटरी इम्पोर्ट परमिट, म्हणजे एसआयपी. माल उतरल्यावर तपासणी आणि ना हरकत एक्यूसीएसकडून, म्हणजे पशु क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेकडून. बियाण्याला 2003 चा वनस्पती क्वारंटाइन आदेश, जो 1914 च्या कीड कायद्याखाली निघाला आहे. त्यावर टी-डीएनए आहे म्हणून पर्यावरण कायद्याखालचे 1989 चे नियम. कस्टम्स सगळ्यांत शेवटी. अनुभव असा की नवीन माणूस कस्टम्सपासून सुरुवात करतो आणि माल सहारच्या (मुंबई विमानतळाच्या) कार्गोत पोचल्यावर त्याला कळतं की परमिट चार महिने आधी मागायचं होतं.

11 जानेवारी

यादीतून कापता येईल तेवढं कापलं. सीएचओ (हॅमस्टरच्या) आणि हीला (माणसाच्या) या पेशी बाहेरून मागवायच्या होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या साठ्यात त्या मिळतात, तिथून घ्यायच्या ठरल्या. बाहेरून आलेल्या कुपीत गोठवण्याचं माध्यम असतं आणि त्यात बहुतेकदा सीरम असतं. त्यामुळे पेशी माणसाच्या असल्या तरी जनावराचा घटक आहेच, असा प्रश्न तपासणीत निघू शकतो. जिवाणूंसाठी चंदिगडचं एमटीसीसी आणि पुण्याचं एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचे संग्रह आधी पाहावेत. आयात टाळणं हीच क्वारंटाइनमधली सगळ्यांत स्वस्त पायरी.

कुंड्यांसाठी परदेशी पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची माती) घ्यायची सूचना आली होती, तीही सोडली. माती, पीट आणि स्फॅग्नम शेवाळ यांच्या आयातीवर 2003 च्याच वनस्पती क्वारंटाइन आदेशाचं नियंत्रण आहे. कोकोपीट इथलंच घ्यावं, फक्त दोन-तीन पाणी धुवून, कारण त्यात मीठ असतं.

30 जानेवारी

एसआयपीचा अर्ज 'मूळ देश' या एका रकान्यावर अडला. कंपनीच्या कोटेशनवर 'अमेरिका' होतं. लॉटचं मूळ देशाचं प्रमाणपत्र मागवलं तेव्हा कळलं की रक्त गोळा केलं मेक्सिकोत, गाळलं आणि बाटल्यांत भरलं अमेरिकेत. परमिटमध्ये जो देश असेल त्याच देशाच्या सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि रोगांच्या अटी जनावर कुठलं आहे त्यावर ठरतात, बाटली कुठे भरली त्यावर नाही. अमेरिकेत गोळा केलेल्या सीरमचा वेगळा लॉट मागितला. तो महाग पडला, पण दोन देशांची कागदपत्रं जुळवत बसण्यापेक्षा परवडला.

एककही एकच ठेवा. अर्जात 5 लिटर लिहिलं असेल तर इनव्हॉइसवर '10 x 500 मिली, एकूण 5 लिटर' असं दोन्ही असू द्या. नुसत्या '10 नग'वरून तपासनीस लिटर कसे काढणार?

14 फेब्रुवारी

बियाणं. मागणीपत्रात शास्त्रज्ञांनी 'म्युटंट' एवढंच लिहिलं होतं. म्युटंट दोन जातीचे. ईएमएस रसायनाने केलेल्या म्युटंटमध्ये परका डीएनए नसतो. अमेरिकेतल्या साल्क संस्थेच्या संग्रहातल्या वाणांत टी-डीएनए घुसवलेला असतो आणि त्यात कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक असतं. ते जनुक पुष्कळदा मुकं झालेलं असतं, म्हणून कॅनामायसिनच्या प्लेटवर रोपं मरतात आणि 'हे ट्रान्सजेनिक (परकं जनुक घातलेलं) नाहीच' असा समज होतो. नियमाच्या दृष्टीने ते जनुकीय बदल केलेलंच बियाणं. चौदाच्या चौदा वाण या वर्गात निघाले.

म्हणून क्रम असा: आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे प्रस्ताव, तिच्या मंजुरीचा कागद, आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे, म्हणजे एनबीपीजीआरकडे, आयात परमिटचा अर्ज. समितीच्या इतिवृत्तात वाणांची यादी साठा क्रमांकासकट हवी. 'अरॅबिडॉप्सिसचे विविध वाण' एवढं लिहिलेलं इतिवृत्त पुढे कुठल्याच कामाचं नाही.

28 फेब्रुवारी

ब्युरोच्या परमिटवरची एक गोष्ट मुंबईच्या लोकांच्या डोक्यात चटकन बसत नाही. संशोधनासाठीचं जर्मप्लाझम (बियाणं, लागवडीचं साहित्य) थेट आपल्या पत्त्यावर मागवायचं नसतं. खोकं ब्युरोच्या संचालकांच्या नावाने दिल्लीला जातं, तपासणी तिथे होते आणि तिथून सुटलेलं बियाणं आपल्याकडे येतं. शिवडीला हाजी बंदर रोडवर वनस्पती क्वारंटाइनचं प्रादेशिक केंद्र आहे, ते जवळही पडतं, पण या मालाचा रस्ता तो नाही. व्यापारी बियाणं, धान्य, लाकूड यांचं काम तिकडे.

पाठवणाऱ्याला परमिटची प्रत, पाकिटावर चिकटवायचे टॅग आणि या सूचना गेल्या: फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर (पाठवणाऱ्या देशाच्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर) पूर्ण शास्त्रीय नाव, परमिट क्रमांक, वाणांची संख्या. पाकिटात माती, शेंगांची टरफलं, भुसा काहीही नको. प्रत्येक ट्यूबवर साठा क्रमांक, यादीत आहे तसाच, मधली रेघसुद्धा तीच.

18 मार्च

सीरमच्या खोक्याचं गणित. बाहेरून 60 x 50 x 50 सेंमी, म्हणजे 1,50,000 घन सेंमी. विमान मालवाहतुकीत हा आकडा 6,000 ने भागून आकारमानी वजन काढतात: 25 किलो. बाटल्या साधारण 6 किलो, रिकामं खोकं 4 किलो. म्हणजे 15 किलोपर्यंतचा ड्राय आइस भाड्याच्या दृष्टीने फुकटच, त्यापुढच्या किलोंचे पैसे. पाठवणारा 10 किलो भरणार होता. त्याला 20 सांगितलं. या मापाच्या खोक्यात दिवसाला अडीच ते तीन किलो उडून जातो. 10 किलोवर चार दिवसही निघत नाहीत.

ड्राय आइसवर यूएन 1845 चं (ड्राय आइसच्या धोकादायक माल क्रमांकाचं) लेबल आणि निव्वळ किलो लिहिलेले हवेत. झाकण हवाबंद करायचं नाही, वायूला वाट लागते. खाली लाकडी पॅलेट असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा आयपीपीसी (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार) शिक्का असावाच: लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, 30 मिनिटं. सीरमचे सगळे कागद चोख असताना बिनशिक्क्याच्या पॅलेटवर माल अडू शकतो. आम्ही प्लास्टिकचं पॅलेट सांगितलं.

तारीख: 25 ला धुळवड, 29 ला गुड फ्रायडे. कार्गो सुट्टीतही चालू असतं, क्वारंटाइनची टेबलं नसतात. म्हणून माल सोमवार-मंगळवारी उतरेल असं विमान मागितलं, सुट्ट्यांचा आठवडा टाळून.

2 एप्रिल

मंगळवारी माल सहारला उतरला. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा आयात अर्ज, आधीच भरलेला होता. हे चुकवू नका. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 आकार बसतो, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) वेगळं. कस्टम्सच्या ई-संचित पोर्टलवर चढवायची पीडीएफ डिजिटल सहीची आणि 1 एमबीच्या आत असावी. रंगीत स्कॅन केलेली बारा पानी कागदपत्रं तिथे बसत नाहीत, काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा.

सीरम कस्टम्सच्या दरपत्रकाच्या 30 व्या (औषधांच्या) प्रकरणात दाखवलं की कस्टम्सच्या सिंगल विंडो यंत्रणेतून ते एक्यूसीएसबरोबर औषध नियंत्रकाच्या टेबलावरही जातं. त्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर अंतिम वापराचं पत्र तयार ठेवलं होतं: फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, माणसाला किंवा जनावराला देण्यासाठी नाही. हे टेबल लगेच सुटलं.

4 एप्रिल

एक्यूसीएसच्या तपासणीत अडकलं. आरोग्य प्रमाणपत्रावरचा लॉट क्रमांक आणि बाटल्यांवरचा क्रमांक वेगळा. राखून ठेवलेला लॉट पाठवणाऱ्या कंपनीकडे संपला होता. तिने त्याच दर्जाचा दुसरा लॉट भरला, इनव्हॉइस आणि विश्लेषण प्रमाणपत्र बदललं, पण पशुवैद्याची सही झालेलं प्रमाणपत्र जुन्याच लॉटचं राहिलं. कंपनीच्या लेखी दोन्ही लॉट सारखे. तपासनीसाच्या लेखी समोरच्या बाटल्यांना प्रमाणपत्रच नाही, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

कंपनीने लॉट बदलल्याचं पत्र ईमेलने पाठवलं. ते चालत नाही. चालतं ते त्याच सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेचं नवीन प्रमाणपत्र, ज्यावर 'आधीच्या अमुक क्रमांकाच्या प्रमाणपत्राऐवजी' असा शेरा आहे, आणि तेही मूळ प्रत. कुरियरने यायला पुढचा आठवडा उजाडणार, आणि त्यात मंगळवारी पाडवा, गुरुवारी ईद.

मग प्रश्न बर्फाचा. खोकं 28 मार्चला भरलेलं, म्हणजे आता जेमतेम दोन-तीन किलो उरला असणार. कस्टम्सच्या ताब्यातल्या खोक्यात बर्फ भरायला लेखी परवानगी लागते. एजंट, कस्टम्सचा माणूस आणि बर्फवाला एका वेळी हजर हवेत, आणि टेप कापल्यावर नवीन टेपवर सह्या. अर्जात किलो, वेळ आणि 'आतला माल हलवणार नाही' हे वाक्य असलं की परवानगी पटकन मिळते. 12 किलो भरला. खोकं उघडल्यावर तळाला पांढऱ्या चुऱ्यासारखा थर उरलेला दिसला, वरच्या रांगेतल्या दोन बाटल्यांच्या खांद्याशी सीरम तांबूस आणि किंचित चकचकीत झालेलं. म्हणजे तिथून पाघळायला सुरुवात झाली होती. ड्राय आइस फक्त तळाशी भरला की असंच होतं. थंड वायू खाली बसतो आणि वरचा भाग आधी गरम होतो. नवीन बर्फ बाजूंनी आणि वरून टाकला.

8 तारखेला पुन्हा 10 किलो.

10 एप्रिल

नवीन प्रमाणपत्राची मूळ प्रत आली, ना हरकत मिळाली, माल सुटला. डेमरेज आणि दोनदा भरलेल्या बर्फाचा खर्च वाढला तो वेगळाच.

इथून पुढे ऑर्डरवर एक ओळ कायमची: 'लॉट क्रमांक बदलल्यास माल पाठवू नये, आधी कळवावे.' शिवाय आरोग्य प्रमाणपत्र, विश्लेषण प्रमाणपत्र, इनव्हॉइस आणि भरलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो, हे चारही स्कॅन हातात आल्याशिवाय विमान बुक करायला हो म्हणायचं नाही. बाटलीचा फोटो मागितला की पाठवणाऱ्यांना गंमत वाटते. पण फरक पकडला जातो तो तिथेच.

12 एप्रिल

तापमान नोंदणी यंत्र वाचलं. बर्फ संपत आला तेव्हा वरच्या थरात तापमान उणे 20 च्या वर काही तास होतं, शून्याला टेकलं नाही. दोन बाटल्या वेगळ्या ठेवल्या. एफबीएस एकदा अर्धवट पाघळलं म्हणून टाकून द्यायचं नसतं. पुन्हा पुन्हा पाघळलं की फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) पुंजके पडतात. या दोन बाटल्या 4 अंशांना रात्रभर ठेवून वितळवल्या, लगेच 50 मिलीत वाटल्या आणि पेशींच्या वाढीची चाचणी करूनच वापरायच्या ठरल्या. रिकामं थर्मोकोल खोकं, आतल्या पिशव्या आणि टॅग आवकच्या रजिस्टरला नोंदवून मग विल्हेवाट.

7 मे

बियाण्याचं पाकीट मुंबईतच आलं. परमिटवर दिल्लीचा पत्ता, प्रमाणपत्रावर दिल्लीचा पत्ता, पण पाठवणाऱ्या साठा केंद्राच्या संगणकाने पाकिटावरचं लेबल आमच्या खात्यातल्या जुन्या पत्त्यावरून छापलं. टपालाने आलं म्हणून बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टात थांबलं.

तिथून सोडवून आणण्याचा मोह होतो, कारण परमिट तर खरंच आहे. ते करू नये. परमिटच्या अटीत तपासणीची जागा ठरलेली आहे आणि त्या तपासणीशिवाय हातात आलेलं ट्रान्सजेनिक बियाणं पुढे कुठल्याही रजिस्टरात बसत नाही. पाकीट परत पाठवण्याची विनंती केली, ब्युरोला कळवलं आणि साठा केंद्राला नवीन पाकीट नव्या प्रमाणपत्रासह थेट दिल्लीला पाठवायला सांगितलं. खात्यातला पत्ता ऑर्डरपुरता ब्युरोचा करून घेतला, नाहीतर पुन्हा तेच.

नवीन मागणीत बियाण्याचं प्रमाणही वाढवलं. अरॅबिडॉप्सिसचे हजार दाणे म्हणजे साधारण 20 मिलिग्रॅम. 50 दाण्यांच्या ट्यूबमधून तपासणीसाठी काही गेले की हातात फारसं उरत नाही.

19 जून

ब्युरोकडून बियाणं सुटून आलं. क्ष-किरण, धुवून पाहणं, उबवणं असं तपासणीत काय काय होतं ते बियाण्यावर आणि रोगांवर अवलंबून. ट्रान्सजेनिकमध्ये टर्मिनेटर जनुक (पुढच्या पिढीचं बी उगवू न देणारं) नाही ना, हेही तिथे बघतात. घाई केल्याने त्यातलं काही लवकर होत नाही.

आता जबाबदारी आमच्या खोलीची. हे बियाणं अर्धा मिलिमीटर लांब, त्याहून कमी रुंद. कपड्यावर, टाचेखाली, पाण्यात कुठेही जातं. खोलीत केलेल्या गोष्टी: दाराशी चिकट चटई, कोट तिथेच काढायचा. सिंकच्या, रोपांच्या कपाटाच्या आणि जमिनीतल्या निचऱ्यावर 150 मायक्रॉनची जाळी. फुलोरा आला की प्रत्येक रोपाला प्लास्टिकची नळी. बियाणं मोजायचं नाही, 0.1 मिलिग्रॅम वाचणाऱ्या काट्यावर तोलायचं. रजिस्टरात आवक, पेरलेलं, नष्ट केलेलं आणि शिल्लक असे चार रकाने, जुळले पाहिजेत.

पावसाळ्यात ट्यूबच्या भिंतीला दाणे चिकटतात आणि तोलताना दरवेळी थोडं वजन कमी भरतं. बटर पेपरच्या दुमडीवर ओतून तोललं की चिकटणं थांबतं. सिलिका जेलवर एक रात्र ठेवलं तर आणखी बरं.

8 जुलै

पहाटेच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी 300 मिमीच्या वर पाऊस. वाढ-खोली तळमजल्यावर. जमिनीतल्या निचऱ्यातून पाणी उलटं वर आलं. जाळी आतून बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी बसवली होती. खालून आलेल्या दाबाने ती उचकटली आणि पाणी ओसरताना कुंड्यांखालचं सगळं घेऊन गेलं. सुदैवाने एकही रोप फुलोऱ्यात नव्हतं, म्हणजे बियाणं गळण्याचा प्रश्न नव्हता. पेरणीचा ट्रे वरच्या फळीवर होता. जैवसुरक्षा समितीला त्याच दिवशी लेखी कळवलं, बाहेरच्या चेंबरमधला गाळ काढून ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केला.

दुरुस्ती: जमिनीतला निचरा कायमचा बंद, सिमेंटने. कुंड्यांचं पाणी ट्रेत, ट्रेचं पाणी बादलीत, बादली ऑटोक्लेव्हमध्ये. गैरसोयीचं आहे, पण तळमजल्यावर दुसरा खात्रीचा उपाय नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा सल्ला प्लंबरने दिला होता. त्यात गाळ अडकला की तो उघडाच राहतो, म्हणून नको म्हटलं.

24 जुलै

वापरलेल्या कोकोपीटच्या ऑटोक्लेव्हची स्पोअर पट्टी फेल. पट्टीवर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू असतात, ते मेले पाहिजेत. जिवंत निघाले. यंत्राची नोंद पाहिली तर 121 अंश, 15 पाउंड दाब, 60 मिनिटं, म्हणजे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतला आकडा पूर्ण. यंत्रात दोष नव्हता. पिशवीत चार-पाच किलो ओला कोकोपीट दाबून भरला होता आणि तोंडाला घट्ट गाठ. वाफ आत शिरतच नव्हती. मधोमध तापमापक खुपसून पाहिलं तेव्हा बाहेर 121 झाल्यावरही गाभा बराच वेळ शंभराच्या खाली होता.

आता पिशवीत जास्तीत जास्त दीड किलो, सैल. कोकोपीट कोरडा असेल तर वर ग्लासभर पाणी, कारण कोरड्या पदार्थात अडकलेली हवा वाफेला अडवते. तोंड दोन बोटं उघडं. पिशवी आडवी, उंची दहा सेंमीच्या आत. स्पोअर पट्टी भांड्याच्या कडेला नाही, मधल्या पिशवीच्या पोटात. कडेची पट्टी नेहमीच पास होते, तिच्यावरून काही कळत नाही. मधली पट्टी पास झाल्यावरच ती खेप कचऱ्याच्या गाडीला.

2 सप्टेंबर

चौदापैकी बारा वाणांचं बियाणं गोळा झालं. दोन वाण उगवलेच नाहीत. त्यांच्या उरलेल्या दाण्यांचं वजन नोंदवून ते ऑटोक्लेव्ह केले आणि रजिस्टरात दोन सह्या घेतल्या. 7 ला गणपती. त्याच्या आत समितीला अहवाल द्यायचा आहे: आवक, वापर, नाश, शिल्लक, 8 जुलैच्या पाण्याची नोंद आणि निचऱ्याचा फोटो.

सीरमच्या पुढच्या एसआयपीचा अर्ज याच आठवड्यात. यंदाच्या परमिटवर 5 लिटर पूर्ण वापरले गेले, त्यामुळे त्यावर आणखी एक बाटलीसुद्धा येणार नाही. नवीन अर्जात 10 लिटर, मूळ देश अमेरिका, उतरण्याचं ठिकाण मुंबई विमानतळ. कंपनीला लॉट नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवायला सांगितलं आहे आणि बाटलीचा फोटो मागितला आहे.